नाव विचारलं, पण ते कुणी विचारलं याची नोंद कशाला?

प्रति,
सचिव, दूरसंचार विभाग, नवी दिल्ली;
अध्यक्ष, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय);
आणि घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या लहानमोठ्या सर्व कंपन्यांचे संचालक

विषय : ग्राहकांच्या डीएनएस विचारणांची नोंद आणि तिच्यासाठी कधीच न मागितलेली संमती

महोदय, महोदया,



मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाचं नेटवर्क सांभाळतो. वसतिगृह, प्रयोगशाळा, ग्रंथालय, कार्यालय, सगळ्यांचं इंटरनेट ज्या खोलीतून जातं तिची किल्ली माझ्याकडे असते. त्या खोलीत एक जुना सर्व्हर आहे. कॅम्पसवरचा प्रत्येक मोबाइल आणि संगणक कुठल्याही संकेतस्थळाकडे निघण्याआधी त्याला विचारतो, या नावाचा पत्ता काय? तो पत्ता सांगतो आणि पूर्वी त्याची नोंदही ठेवायचा. माझ्याकडे जे काही शे माणसांच्या बाबतीत घडायचं, तेच आपल्याकडे कोट्यवधींच्या बाबतीत घडतं. तेव्हा आपल्या कामाच्या अडचणी ठाऊक नसलेल्या माणसाची ही तक्रार आहे, असं कृपया समजू नये.

पत्र खुलं असल्यामुळे आपल्याला पाठ असलेली गोष्ट इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. यंत्रांना नावं कळत नाहीत, आकडे कळतात. आपण बँकेचं नाव टाइप केलं की ते नाव आधी आपल्या इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरकडे जातं आणि तो त्या नावामागचा आकडी पत्ता शोधून आणतो. पॉल मोकापेट्रिस यांनी ही डीएनएस व्यवस्था १९८३ साली मांडली. तेव्हा या जाळ्यावर मुख्यतः विद्यापीठं, प्रयोगशाळा आणि लष्करी संस्था होत्या. कोण काय विचारतंय हे वाटेत कुणी वाचेल ही चिंताच नव्हती, म्हणून विचारणा उघड्या मजकुरात जायची. आज चाळीस वर्षांनंतरही बहुतेक घरांतून ती तशीच उघडी जाते. त्यासाठी माणसाने ब्राउझर उघडायचीही गरज नाही. मोबाइल टेबलावर पालथा पडलेला असला तरी त्यातलं प्रत्येक अ‍ॅप आपापल्या सर्व्हरचं नाव मधूनमधून विचारत असतं.

नोंदीची एक ओळ कशी दिसते तेही सांगतो. तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, विचारणाऱ्या यंत्राचा क्रमांक आणि विचारलेलं नाव. एवढंच. पान कुठलं उघडलं, तिथे काय वाचलं, काय लिहिलं, यातलं काही त्यात नसतं. त्यामुळे आपल्या बाजूचे लोक नेहमी म्हणतात की यात मजकूर नाहीच, नुसती नावं आहेत. नावांबद्दल माझं म्हणणं असं. विकिपीडियाचं नाव विचारलं तर काही कळत नाही, हे कबूल. पण रात्री दोन वाजता एका कर्करोग रुग्णालयाचं नाव, पाच मिनिटांनी एका विमा कंपनीचं, मग सोनं तारण ठेवून कर्ज देणाऱ्या दोन कंपन्यांची, अशा चार ओळी एकाखाली एक आल्या तर मजकुराची गरज उरते का? त्या घरात काय चाललंय हे माझ्यासारख्या तिऱ्हाइताला अर्ध्या मिनिटात कळतं.

इंटरनेटचे तांत्रिक संकेत ठरवणाऱ्या मंडळींनी ऑगस्ट २०१५ मध्ये डीएनएसमधल्या खासगीपणावर एक टिपण प्रसिद्ध केलं. त्यातला एक मुद्दा मला फार नेमका वाटतो : डीएनएसमधली माहिती सार्वजनिक असते, पण ती अमक्याने विचारली ही गोष्ट सार्वजनिक नसते. त्यांनी उदाहरण दारू सोडवणाऱ्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संस्थेच्या संकेतस्थळाचं दिलंय. आपल्याकडे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं देता येईल. मुक्तांगणचं संकेतस्थळ जगाला खुलं आहे आणि ते खुलंच असावं. पण तिथे कुणाच्या घरातून, कुठल्या दिवसापासून, किती वेळा डोकावलं गेलं हे त्या घराबाहेर कुणाला कळायचं कारण नाही.

ट्रंक कॉलच्या दिवसांत तालुक्याच्या एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला नंबर सांगितल्याशिवाय फोन लागत नसे. कुणाची सोयरीक कुठे चालली आहे, कुणाचा मुलगा मुंबईहून पैसे पाठवत नाही, हे त्याला गावाच्या आधी कळायचं. त्याच्यावर लोकांचा विश्वास असे किंवा नसे, पण तो गावातलाच असे, त्याला तोंडावर जाब विचारता येई आणि मुख्य म्हणजे तो विसरायचा. अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजर या अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला संशय होता की एक्स्चेंजमधली बाई आपले फोन प्रतिस्पर्ध्याकडे वळवते. त्या वैतागातून त्याने ऑपरेटर लागणारच नाही असं स्वयंचलित एक्स्चेंज बनवलं, असं सांगतात. पेटंट १८९१ चं आहे. मधला माणूस काढला की मधली उत्सुकताही जाईल, अशी त्याची समजूत असावी. आपला रिझॉल्व्हर हा मधला माणूसच आहे, फक्त तो विसरत नाही आणि त्याला जाब विचारायला खिडकी नाही.

घरोघरी एकाच आयपी पत्त्यामागे पाच-सहा यंत्रं असतात, मोबाइल नेटवर्कवर तर एकाच क्रमांकामागे शेकडो ग्राहक असतात, मग माणूस ओळखायचा कसा, असंही सांगितलं जातं. जर्मनीत डोमिनिक हेर्मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली हेच तपासलं. साडेतीन हजारांहून जास्त लोकांच्या दोन महिन्यांच्या डीएनएस विचारणा त्यांनी घेतल्या. आयपी रोज बदलला तरी केवळ विचारलेल्या नावांच्या सवयीवरून आजचा माणूस आणि कालचा माणूस एकच आहे हे शंभरातल्या पंच्याऐंशी वेळा ओळखता आलं. आणि आपल्याला तर एवढे कष्टही नाहीत. आयपी कुठल्या क्षणी कुणाला दिला होता त्याची वही आपल्याचकडे असते.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी काही वर्षांपूर्वी घरातली 'स्मार्ट' उपकरणं तपासली. झोप मोजणारं एक यंत्र, एक कॅमेरा, एक स्विच, एक बोलका स्पीकर. डीएनएस विचारणेवरून उपकरण कुठलं ते कळत होतं आणि त्याच्या रहदारीच्या चढउतारावरून घरातला माणूस झोपला कधी, मध्ये उठला कधी, हे कळत होतं. मजकूर सगळा कुलूपबंद होता. कुलूप फोडायची वेळच आली नाही.

माझ्या घरचा अनुभव साधा आहे. महाविद्यालयात नवं सॉफ्टवेअर बसवण्याआधी ते घरच्या राउटरवर चालवून पाहावं असं मनात होतं. जेवताना सगळ्यांना सांगितलं, थोडे दिवस कोण कुठलं संकेतस्थळ बघतं त्याची नोंद होईल. आईने विचारलं, "आणि ती कोण वाचणार?" म्हटलं, मी. "मग नको," ती म्हणाली, "तू तर नकोच." दहावीतला मुलगा शांतपणे म्हणाला, "लावा बाबा, मी मोबाइल डेटावर जाईन." पत्नीने अधिक व्यवहारी प्रश्न विचारला : किती दिवस ठेवणार, आणि पुसलीस हे आम्हाला कसं कळणार? ते सॉफ्टवेअर घरी लागलं नाही. संमतीवरच्या कायद्यांची जाड पुस्तकं मी पुढे वाचली. त्यांत याहून वेगळे प्रश्न फारसे नाहीत. कोण वाचणार, किती दिवस, नको म्हटलं तर दुसरी वाट आहे का, आणि पुसल्याचा पुरावा काय.

आता आपण संमती कशी घेता ते पाहू. कनेक्शन द्यायला मुलगा येतो. एका हातात राउटर, दुसऱ्या हातात ड्रिल मशीन. आधारची झेरॉक्स घेतो आणि पेन्सिलने फुल्या मारलेला अर्ज पुढे करतो. इथे, इथे आणि मागच्या पानावर इथे. अक्षर इतकं बारीक की चष्मा लावूनही वाचवत नाही, आणि सगळं इंग्रजीत. माझ्या घरच्या अर्जावर डीएनएस हा शब्द नाही, विचारणांची नोंद ठेवू की नाही ठेवू, याचा उल्लेख नाही. 'सेवा सुधारण्यासाठी' माहिती वापरली जाईल, एवढं एक वाक्य आहे. त्या वाक्यात काहीही मावतं. त्या मुलाला काय विचारायचं? त्याला संध्याकाळपर्यंत अजून चार घरं करायची असतात.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली आला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. कायदा म्हणतो की संमती मोकळी, विशिष्ट, समजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, ती स्पष्ट कृतीतून दिलेली असावी. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या बावीस भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी. म्हणजे मराठीत मागितली तर मराठीत द्यावी लागेल. संमती देणं जेवढं सोपं, तेवढंच ती काढून घेणंही सोपं हवं. शिवाय कायद्यातच एक उदाहरण दिलंय, जे आपल्या कायदा विभागाने भिंतीवर लावावं असं आहे. एक बाई दूरवैद्यकीय सल्ल्याचं अ‍ॅप घेते. अ‍ॅप उपचारासाठी तिची माहिती मागतं आणि सोबत मोबाइलमधली फोननंबरांची यादीही मागतं. ती दोन्हीला हो म्हणते. कायदा म्हणतो की यादीची गरज उपचाराला नाही, तेव्हा तिने हो म्हटलं असलं तरी तिची संमती उपचारापुरतीच धरायची.

हे उदाहरण डीएनएसला चपखल बसतं. मी विचारलेलं नाव आपल्या रिझॉल्व्हरने त्या क्षणी पाहणं अपरिहार्य आहे, त्याशिवाय पत्ता मिळणार नाही. ते नाव माझ्या ग्राहक क्रमांकासह महिनोन्महिने जपणं पत्ता मिळण्यासाठी लागत नाही. अर्जावर कितीही फुल्या मारून घेतल्या तरी पहिल्या गोष्टीच्या सहीत दुसरी गोष्ट येत नाही. दुसरीसाठी वेगळं विचारा.

आणि विचारणार कुणाला? सही माझी असते. विचारणा माझ्या आईच्या असतात, मुलाच्या असतात, वर भाड्याने राहणाऱ्या मुलींच्या असतात, दिवाळीला आलेल्या पाहुण्यांच्या असतात. त्यांच्या वतीने सही करायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. यात सगळ्यात अवघड मुद्दा मुलांचा आहे आणि त्यावर मी आपल्या बाजूने कुणाला बोलताना ऐकलेलं नाही. कायद्याचं कलम ९ म्हणतं की अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवायची नाही, त्यांना नेमून जाहिराती दाखवायच्या नाहीत. घराच्या राउटरमागून येणाऱ्या विचारणांत मुलांच्या कुठल्या आणि मोठ्यांच्या कुठल्या हे आपल्याला वेगळं करता येत नाही. वेगळं करायला गेलात तर त्यासाठीच मुलांवर पाळत ठेवावी लागेल. मग निष्कर्ष उरतो तो एकच : ज्या घरात मूल असू शकतं, म्हणजे जवळपास कुठल्याही घरात, ग्राहकवार विचारणा साठवून त्यांच्यावरून वर्तन वाचणं या कलमाच्या विरुद्ध जातं. आपल्या वकिलांचं मत वेगळं असेल तर ते त्यांनी जाहीर मांडावं. मला ते वाचायला आवडेल.

कंपन्यांनी हे प्रयोग करून पाहिलेच नाहीत असं नाही. १५ सप्टेंबर २००३ रोजी व्हेरिसाइन या कंपनीने डॉट कॉम आणि डॉट नेटमधलं न सापडणारं, चुकीचं टाइप झालेलं कुठलंही नाव स्वतःच्याच पानाकडे वळवायला सुरुवात केली. जगभरच्या नेटवर्कवाल्यांनी रान उठवलं आणि तीन आठवड्यांत ते बंद करावं लागलं. ब्रिटनमध्ये बीटी कंपनीने २००६ आणि २००७ साली फॉर्म नावाच्या जाहिरात कंपनीसोबत ग्राहकांच्या वेबवापरावर चाचण्या घेतल्या. पहिल्याच चाचणीत सुमारे १८ हजार ग्राहक होते आणि त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. प्रकरण बाहेर आल्यावर युरोपीय आयोगाने ब्रिटनवरच कारवाई सुरू केली, कारण तिथल्या कायद्यात एक पळवाट होती : ग्राहकाची संमती असेल असं समजायला वाजवी कारण असलं की पुरे. २०११ मध्ये ते वाक्य कायद्यातून काढावं लागलं. आपल्याकडच्या 'सेवा सुधारण्यासाठी'चं त्या वाक्याशी जवळचं नातं आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०२१ मध्ये सहा मोठ्या इंटरनेट कंपन्यांवर अहवाल काढला, त्यात ग्राहकांना वंश, लैंगिक कल अशा नाजूक बाबींवरून गटांत टाकण्याचा प्रकारही नोंदलेला आहे.

सचिव महोदय, आता आपल्याकडे वळतो. कंपन्यांना दोष देऊन सरकारला सोडलं तर पत्र अर्धं राहील. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्यात बदल करून कॉल आणि इंटरनेट वापराच्या तपशिलांच्या नोंदी जपण्याची मुदत आपण एका वर्षावरून दोन वर्षं केली. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने सगळ्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस देशातच ठेवायला सांगितलं. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांत, जे खासगीपण जपण्यासाठीच लिहिले आहेत, वैयक्तिक डेटा आणि त्यावरच्या प्रक्रियेचे लॉग किमान एक वर्ष ठेवायची अट आली. तीन आदेशांचे तीन आकडे, आणि यांत डीएनएस विचारणा बसते की नाही हे कुठेच सरळ लिहिलेलं नाही. अशा वेळी कंपनीतला माझ्यासारखा माणूस काय करतो ते मी सांगू शकतो. तो सगळं ठेवतो. पुसल्याबद्दल नोटीस येऊ शकते, ठेवल्याबद्दल कुणाला आल्याचं मी ऐकलेलं नाही.

दूरसंचार सायबर सुरक्षा नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये आले. संदेशाचा मजकूर सोडून 'ट्रॅफिक डेटा' आणि इतर माहिती कंपन्यांकडून मागवायचा आणि ती गोळा करायची यंत्रणा ठराविक जागी बसवून घ्यायचा अधिकार त्यात केंद्र सरकारला मिळाला. फोनवरचं बोलणं ऐकायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या पीयूसीएल निकालापासून वरिष्ठ अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो आणि तो आढावा समितीपुढे जातो. मजकूर नाही असं म्हटलं की ही सगळी राखण गळून पडते. विचारलेलं नाव आपण मजकूर मानता की ट्रॅफिक? तिठ्यावर कुठली गाडी कुठे वळली हे ट्रॅफिक असेल. पण कुणी रात्री कुठल्या दवाखान्याचं, कुठल्या वकिलाचं, कुठल्या पक्षाचं नाव विचारलं, यात त्या माणसाच्या मनात काय होतं तेच लिहिलेलं असतं. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं. पाळत कायद्याने असावी, तिला रास्त कारण असावं आणि ती कारणाच्या प्रमाणात असावी, ही कसोटी तिथूनच आली. सर्वांच्या सगळ्या विचारणा, नंतर लागतील म्हणून ठेवणं, त्या तिसऱ्या अटीत कसं बसतं?

सुरक्षेचं कारण खोटं आहे असं मी म्हणणार नाही, माझी नोकरीच त्यावर चालते. २००८ मध्ये पसरलेलं कॉन्फिकर हे घातक सॉफ्टवेअर रोज अडीचशे नवी नावं स्वतःच बनवून विचारायचं, त्याच्या पुढच्या अवताराने तो आकडा पन्नास हजारांवर नेला. लागण झालेलं यंत्र सापडायचं ते अशा विचारणांवरूनच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या तशाच घातक सॉफ्टवेअरने जगभर संगणक बंद पाडले. ते पसरायचं थांबलं कारण ते एक विचित्र नाव विचारत होतं आणि एका तरुण संशोधकाने ते नाव नोंदवून घेतलं. विचारणांकडे कुणी पाहिलंच नसतं तर हे झालं नसतं. आमच्याही प्रयोगशाळेतलं एक यंत्र असंच पकडलं गेलं, रात्रभर निरर्थक अक्षरांची नावं विचारत होतं.

पण यासाठी माणूस कळावा लागत नाही. फ्लोरियान वाइमर यांनी २००५ च्या सुमारास 'पॅसिव्ह डीएनएस' मांडलं. रिझॉल्व्हर आणि पुढचे सर्व्हर यांच्यामधली बातचीत टिपायची, ग्राहक आणि रिझॉल्व्हर यांच्यामधली नाही. पलीकडच्या बाजूने पाहिलं की कुठली नावं विचारली जातात, कधीपासून, कुठल्या पत्त्यांकडे वळतात, हे सगळं दिसतं. विचारणारा दिसतो तो फक्त रिझॉल्व्हर. ग्राहक त्याच्या आड राहतो. सुरक्षेच्या कंपन्या वर्षानुवर्षं यावर काम करतात. लागण झालेला ग्राहक शोधायचाच असेल तर घातक नावांची यादी रिझॉल्व्हरवर ठेवा, त्या यादीतलं नाव आलं तरच नोंद करा, आणि ग्राहकाला कळवा. बाकीच्या नावांची ओळ लिहायचीच नाही. मी महाविद्यालयात आता असंच करतो. जुने लॉग ज्या डिस्कवर होते ती रिकामी केल्यावर दिसलं, एका सत्रात त्यातलं काहीही उघडायची गरज पडलेली नव्हती.

रिझॉल्व्हर पसंत नसेल तर ग्राहकाने दुसरा निवडावा, असं उत्तर येईल. २००९ पासून गुगलचा, २०१८ पासून क्लाउडफ्लेअरचा, स्वित्झर्लंडमधून चालणारा क्वाड नाइन, सगळे फुकट आहेत. अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' ही सोय २०१८ पासून आहे. पण किती लोकांना ती ठाऊक असते? आणि ज्यांना ठाऊक असते त्यांच्या निवडीचा तरी मान राखला जातो का? आमच्या कर्मचारी वसाहतीत एका सहकाऱ्याने राउटरमध्ये क्वाड नाइनचा पत्ता घातला. तपासायची सोपी युक्ती असते : काही नावं अशी आहेत की त्यांचं उत्तर म्हणून विचारणाऱ्या रिझॉल्व्हरचाच पत्ता परत येतो. आम्ही ते नाव विचारलं. परत आला तो त्याच्या इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरचा पत्ता. म्हणजे पाकिटावर पत्ता कुणाचाही असो, वाटेत उचलून उत्तर हेच देणार, तेही त्या दुसऱ्याच्या नावाने. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, तिला वेगळं कळवलंय. इथे संमती घ्यायची राहून गेली असं म्हणता येत नाही. ग्राहकाने स्पष्टपणे नको म्हटलं होतं आणि तरीही केलं गेलं.

हे टाळायला विचारणा कुलूपबंद करून पाठवायच्या पद्धती २०१६ आणि २०१८ मध्ये प्रमाणित झाल्या. मोझिलाने फायरफॉक्समध्ये ती सोय आणायचं ठरवलं तेव्हा जुलै २०१९ मध्ये ब्रिटनच्या इंटरनेट कंपन्यांच्या संघटनेने त्यांना 'इंटरनेटचा खलनायक' ठरवायला नामांकन दिलं आणि लोक हसू लागल्यावर मागे घेतलं. मोझिलाचंही सगळं बरोबर होतं असं नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेत त्यांनी ती सोय आपोआप चालू केली आणि विचारणा एका मोठ्या कंपनीकडे वळल्या. एकाची नजर चुकवायला दुसऱ्याच्या हवाली करायचं, तेही आधी न विचारता, हे मला पटत नाही. तरी एक फरक नोंदवला पाहिजे. मोझिला ज्या रिझॉल्व्हरना स्वीकारते त्यांना ग्राहक ओळखता येईल अशी माहिती चोवीस तासांहून जास्त ठेवता येत नाही. गुगल पूर्ण आयपी असलेले लॉग चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पुसल्याचं जाहीर करते. क्लाउडफ्लेअरने स्वतःच्या दाव्याची तपासणी बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून करून घेतली. आपल्यापैकी एकानेही असा एक आकडा आपल्या मराठी ग्राहकासाठी कुठे छापलेला असेल तर दाखवा.

ट्रायच्या अध्यक्षांना एक आठवण. १६ जुलै २०१८ रोजी आपल्याच प्राधिकरणाने शिफारस केली होती की दूरसंचार ग्राहक हा त्याच्या माहितीचा मालक आहे आणि ती हाताळणाऱ्या कंपन्या केवळ राखणदार आहेत. ती शिफारस आजही आपल्या कपाटात आहे. परवान्याच्या अटींत ती उतरवायला सांगायचा अधिकार आपल्याला नसेल, पण पुन्हा पाठवायचा आहे.

माझं मागणं फार मोठं नाही. डीएनएस विचारणा या दोन वर्षांच्या नोंदीत मोडत नाहीत, असं एक ओळीचं परिपत्रक विभागाने काढावं, किंवा मोडतात असं वाटत असेल तर तसं उघड लिहावं म्हणजे न्यायालयात त्यावर बोलता येईल. ग्राहकाने निवडलेल्या रिझॉल्व्हरकडे जाणारी विचारणा वाटेत अडवणं परवान्याचा भंग ठरावं. आणि कंपन्यांनी अर्जावर डीएनएससाठी वेगळा चौकोन ठेवावा, मराठीत, आधी रिकामा, आणि तो रिकामा राहिला म्हणून कनेक्शनचा वेग कमी होणार नाही हे त्याच्याच खाली छापावं.

तरतुदी लागू होतील त्या दिवशी मी माझ्या घरच्या कनेक्शनच्या कंपनीकडे कलम ११ खाली अर्ज देणार आहे. माझ्या ग्राहक क्रमांकावरून विचारलेली नावं आपण ठेवता का, किती दिवस, आणि ती कुणाकुणाला दिलीत, एवढंच त्यात विचारलेलं असेल. आईचं म्हणणं आहे की अर्जावर तिचीही सही घ्यावी, कारण विचारणा तिच्याही आहेत. कायद्यात ती सही बसते का ते आपणच कळवा.

आपला,
एक वर्गणीदार,
जिल्हा सातारा